उणे अठरा अंश आणि वहिनींचा कीस

(शिरूर येथील एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्वदेशी आणि आपले स्वयंपाकघर’ असा विषय छापला आहे. विषय भारदस्त आहे आणि त्यावर तास-दीड तास बोलण्याइतके सुविचार आपणा सर्वांकडेच असतात. मी मात्र आज सुविचार बाजूला ठेवून एका पाकिटाची हकिकत सांगणार आहे. पाकीट गोठवलेल्या बटाट्याच्या काड्यांचे होते. शहरातली मुले ज्यांना ‘फ्रेंच फ्राइज’ म्हणतात, त्या. ते पाकीट याच शिरूर गावातून निघाले, भीमा ओलांडून दौंड तालुक्यातल्या आमच्या घरी पोहोचले आणि तिथे जे घडले त्यामुळे मला माझे एक जुने लिखाण पुन्हा काढून वाचावे लागले.

आधी त्या लिखाणाची कबुली देतो. १९९६ सालच्या ऑक्टोबरात दिल्लीच्या वसंत विहारात आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला मॅकडोनाल्डची पहिली दालने उघडली. मी तेव्हा पंचविशीत होतो, नुकताच पत्रकारितेत आलो होतो, आणि कला शाखेचा पदवीधर असल्यामुळे जगातील सर्व विषयांवर मला मत होते. मी एक जळजळीत लेख लिहिला. त्यात असे एक वाक्य होते की, या परक्या बटाट्याला या भूमीत थारा मिळता कामा नये. लेख गाजला. ज्येष्ठांनी पाठ थोपटली. आणि तो लेख मी ज्या दिवशी लिहिला तो दिवस एकादशीचा होता. समोर साबुदाण्याची खिचडी होती, तिच्यात बटाट्याच्या फोडी होत्या, शेंगदाण्याचे कूट होते, हिरवी मिरची होती.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगतो. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या रांगांतला. तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणला पोर्तुगीजांनी आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याच जहाजातून उतरला. मिरची तिकडचीच, शेंगदाणा तिकडचाच, रताळे तिकडचे, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. आपल्या उपवासाच्या ताटातून परके सगळे काढून टाकायचे ठरवले तर भगर उरते. भगरीला माझा विरोध नाही. पण पंचविशीतल्या त्या लेखकाने खिचडीचा घास घेत घेत परक्या बटाट्याला हद्दपार केले होते, हे मला गेल्या वर्षीपर्यंत जाणवले नव्हते. त्या लेखानंतर मी प्रतिज्ञेसारखे ते फ्राइज कधी तोंडात घातले नाहीत, हेही खरे. म्हणजे ज्या पदार्थावर मी इतके लिहिले तो मी चाखलाच नव्हता.

आता पाकिटाकडे येतो.

माझे थोरले बंधू दौंड तालुक्यात भीमेच्या काठी शेती करतात. ऊस, थोडा कांदा, हिवाळ्यात मटार. माझा पुतण्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. रांजणगाव म्हटले की आपल्याला महागणपती आठवतो; पण त्याच गावाच्या माळावर आज अमेरिकेची व्हर्लपूल, दक्षिण कोरियाची एलजी आणि चीनची हायर अशा तीन देशांच्या तीन कंपन्या रेफ्रिजरेटर बनवतात. शिरूर तालुक्याच्या मुरमाड जमिनीवर तीन देशांचा गारवा तयार होतो आणि ट्रकमध्ये बसून देशभर जातो. आमचा पुतण्या या माळावरच्या एका कारखान्यात फ्रीजच्या दारांना रबर बसवतो. दिवसाला किती दारे, ते त्याने मला सांगितले. ऐकून माझेच मनगट दुखू लागले.

आणि माझ्या वहिनी गेली वीस वर्षे वाळवण करून विकतात. बटाट्याचा कीस, वेफर्स, साबुदाण्याच्या चकल्या, उपवासाचे पापड. फाल्गुन सरला की आमच्या घराच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. पहाटे तीन वाजता बटाटे उकडायला लागायचे, उन्हाच्या आत किसून प्लास्टिकच्या कागदावर पसरायचे, दुपारी उलथायचे, संध्याकाळी गोळा करायचे. वेफर्सच्या चकत्या रात्रभर तुरटीच्या पाण्यात. पाच किलो बटाट्याचा जेमतेम किलोभर कीस होतो. वाळलेला माल शिरूरच्या एका दुकानात आणि चौफुल्याच्या दोन दुकानांत जायचा. या पैशांवर आमच्या पुतणीचे शिक्षण झाले. दादांच्या उसाच्या बिलाची वाट पाहत बसावे लागले असते तर ते झाले नसते, असे दादा स्वतः सांगतात.

गेल्या वर्षी चैत्रात वहिनींचा फोन आला. शिरूरच्या दुकानदाराने निरोप पाठवला होता की, या वर्षी माल अर्धाच पाठवा. कारण विचारले तर म्हणाला, वाळवणाच्या मांडणीच्या जागी मी डीप फ्रीजर ठेवला आहे. पोरे येतात, गोठवलेली पाकिटे नेतात, घरी तळतात. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही पेपरात लिहिता. ते पाकिटात काय असतं ते तरी आम्हाला सांगा.” मला सांगता येईना. पुतण्या म्हणाला, मी येताना एक घेऊनच येतो.

वैशाखातल्या एकादशीच्या दिवशी, पाळी संपल्यावर दुपारी दोन वाजता, त्याने शिरूरमधून ते पाकीट घेतले, दुचाकीच्या डिकीत टाकले आणि न्हावरे मार्गे निघाला. आपणा सर्वांना तो रस्ता माहीत आहे. घोडगंगा कारखान्याच्या अलीकडे-पलीकडे सावलीला एक झाड धड नाही. वाटेत मित्र भेटला, चहा झाला, पारगावचा पूल ओलांडून घरी पोहोचेपर्यंत चार वाजले. वहिनींनी पाकीट हातात घेतले आणि म्हणाल्या, “हे तर पाणी सुटलंय.” पुतण्याने ते घाईने घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबले. रात्री काढले तेव्हा सगळ्या काड्यांचा मिळून एक दगड झाला होता. तो दगड कढईत पडला, तेल उसळले, आणि जे बाहेर आले त्याला वहिनींनी एका शब्दात नाव दिले: लगदा.

त्यांना त्या रात्री एकादशी होती, म्हणून त्यांनी खाल्ले नाही. पुतण्याने पाकिटावरचे वाचून दाखवले की, आई, बटाटा आणि तेल, उपवासाला चालेल. त्या म्हणाल्या, “बटाटा चालतो रे. पण कुणाच्या कढईत काय काय तळून झालंय ते पाकिटावर लिहिलंय का?” यावर तर्कशास्त्राच्या पदवीधरालाही उत्तर सुचले नसते. मी मात्र, २५ वर्षांहून जुनी प्रतिज्ञा मोडून, तो लगदा चाखला. चव अशी काही नव्हतीच. मनात म्हणालो, माझा लेख बरोबर होता.

पण वहिनींना ते पटले नाही. त्या म्हणाल्या, “एवढी पोरं पैसे देऊन नेतात, ती काय येडी हायेत? आपलंच काहीतरी चुकलंय.” हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. धंदा त्यांचा बुडत होता; पाकिटाला नावे ठेवण्याचा पहिला अधिकार त्यांचा होता. तो त्यांनी वापरला नाही.

चूक कुठे झाली ते मी पुण्याला आल्यावर शोधले. बटाट्यात पाच भागांतले चार भाग पाणी असते. हे पाणी सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि ते बटाट्याच्या पेशींच्या भिंती फाडतात. मग विरघळल्यावर भिंत नाही, पाणी मोकळे, आणि लगदा. तेच पाणी अतिशय झपाट्याने गोठवले तर स्फटिक बारीक राहतात, पेशी शाबूत राहते. ही गोष्ट व्यापाराच्या कामी आणली ती क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी माणसाने. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो कॅनडातल्या लॅब्रेडॉरमध्ये राहत होता. तिथले मूळ रहिवासी कडाक्याच्या थंडीत बर्फाखालून मासा बाहेर काढायचे, तो वाऱ्यावर क्षणात गोठायचा, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागायचा. बर्ड्सआयने ते पाहिले आणि पुढे १९२०च्या दशकात त्याची यंत्रे केली. गोठवलेल्या फ्राइजचा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर आयडाहोच्या सिम्प्लॉट कंपनीने उभा केला.

म्हणजे आमच्या पुतण्याने दोन चुका केल्या होत्या. कारखान्यात झपाट्याने गोठवलेला माल त्याने न्हावऱ्याच्या उन्हात विरघळू दिला, आणि नंतर घरच्या कप्प्यात सावकाश पुन्हा गोठवला. त्या काड्यांना तयार झाल्यापासून तळणीत पडेपर्यंत उणे १८ अंशांत राहायचे असते. मध्ये कुठेही कडी तुटली की संपले. यालाच शीतसाखळी म्हणतात. आमच्या घरी फ्रीजला दार बसवणारा मुलगा होता, फ्रीजही होता, पण शिरूर ते दौंड तालुका एवढी एक कडी नव्हती.

पुढच्या आठवड्यात पुतण्याने थर्माकोलचा खोका घेतला, तळाशी बर्फ भरला, वरून पोते गुंडाळले, आणि कुठेही चहाला न थांबता आला. वहिनींनी पाकीट फोडले. काड्या सुट्या, कोरड्या, एकमेकींवर वाजत होत्या. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “अर्धी तळलेली हाये,” त्या म्हणाल्या. बरोबर होते, कारखान्यात त्या एकदा हलक्या तळून मगच गोठवतात. मग कढई कडकडीत तापवून, थोड्या थोड्या सोडून त्यांनी त्या काढल्या. दादांनी एक खाल्ली, मीठ मागितले, दुसरी खाल्ली. मी खाल्ली. बाहेरून कुरकुरीत आणि आत उकडलेल्या बटाट्यासारखी भुसभुशीत. वाईट नव्हती. मी एवढेच म्हणेन. यापेक्षा अधिक स्तुती करण्याचे माझे वय नाही. पण पंचविशीतल्या लेखातली विशेषणे त्या काडीला लागू पडत नव्हती, हे मान्य करावे लागले.

वहिनींनी तीन काड्या खाल्ल्या आणि चौथी मोडून आतला रंग पाहिला. मग म्हणाल्या, “हा शीतगृहातला गोड बटाटा नाही.” त्यांना हे कसे कळले? बाजारात येणारा बटाटा साधारण दोन ते चार अंशांच्या शीतगृहात साठवतात. त्या थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा भाजीत गोडसर लागतो आणि तळला की लाल-काळा पडतो. फ्राइज आणि वेफर्ससाठीचा बटाटा म्हणूनच त्याहून उबदार, साधारण दहा-बारा अंशांत ठेवावा लागतो आणि त्याचे वाणही वेगळे असतात. वहिनींना पिष्ट आणि साखर यांचा धडा कोणी शिकवला नव्हता. गोड बटाट्याचा कीस तळताना लाल होतो आणि दुकानदार तो परत पाठवतो, एवढे त्यांना वीस वर्षांत कळले होते.

त्यांनी पुढे विचारले, “हा बटाटा कुठला?” मी म्हणालो, कंपनी कॅनडाची. पुतण्याने पाकीट उलटे केले आणि पत्ता वाचला: मेहसाणा, गुजरात.

इथे माझ्या जुन्या लेखाचा दुसरा पाय निखळला. मॅक्केन ही १९५७ साली कॅनडात सुरू झालेली कंपनी. तिने २००७ साली मेहसाण्याला कारखाना काढला. उत्तर गुजरातच्या बनासकांठा, साबरकांठा, मेहसाणा या भागांतल्या वाळूमिश्रित जमिनींत शेतकऱ्यांशी करार करून बटाटा लावून घेतला. मला वाटायचे, गोष्ट इथे संपते: कंपनी त्यांची, घाम आमचा. पण ती संपली नाही. त्याच राज्यात भारतीय उद्योजकांनी, हायफन आणि इस्कॉन बालाजी यांसारख्यांनी, तेच तंत्र आत्मसात करून स्वतःचे कारखाने उभे केले. नव्वदच्या दशकात जे फ्राइज आपण जहाजांतून मागवत होतो, तेच २०२३-२४ या वर्षात आपण सव्वा लाख टनांहून अधिक निर्यात केले. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ‘कुफरी चिप्सोना’ आणि २००९ मध्ये ‘कुफरी फ्रायसोना’ हे प्रक्रियेसाठीचे वाण दिले. या संस्थेचे एक केंद्र आपल्या शेजारी राजगुरुनगरला होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता स्वदेशीचे काय, असे पुढच्या रांगेतले काका मनात म्हणत असतील. त्यांच्या कपाळावरून मला ते दिसते आहे. काका, १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली ती आपणा सर्वांना पाठ आहे. दर वर्षी आपण ती सांगतो. पण त्याच काळात अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस गावोगाव हिंडून प्रत्येकाकडून एक पैसा मागत होता, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. तिथे काच बनवायला शिकलेली मुले देशभर गेली. विदेशी काचेची चिमणी फोडणे एका मिनिटाचे काम होते. काच फुंकायला शिकण्यास वर्षे लागतात. आपल्या भाषणांत होळी येते, तळेगाव येत नाही. माझ्याही लेखात आले नव्हते.

आणखी एक जुनी हकिकत सांगतो, मुंबईची. १८३४ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुश्यात गुंडाळून, जहाजाने, महिनोन् महिन्यांचा प्रवास करून मुंबईला येऊ लागला. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा तो धंदा. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरच्या मेजवानीत त्या बर्फाचे आइस्क्रीम वाढले. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने परक्या पदार्थाचे हे फळ म्हणून चिमटा काढला, असे मुंबईच्या इतिहासात आवर्जून सांगतात. म्हणजे परक्या गार पदार्थावर टीका करणारा मी पहिला पत्रकार नव्हे. माझ्या आधी १६० वर्षे आमचा एक व्यवसायबंधू हे काम करून गेला. पण पुढे काय झाले पाहा. बोस्टनचा बर्फ सर्दीमुळे बंद पडला नाही. बर्फ करणारी यंत्रे इथे आली, बर्फ इथेच होऊ लागला, तेव्हा तो व्यापार संपला.

आमच्या गच्चीवर परत येतो. त्या रात्री वहिनी दादांना म्हणाल्या, “आपण ऊन विकत होतो. ते गार विकतात.” मी चमकलो. वाळवण म्हणजे काय? पाणी काढून टाकायचे, म्हणजे नासणार नाही. गोठवणे म्हणजे तेच पाणी जागच्या जागी बांधून टाकायचे. अँडीजच्या ज्या डोंगरांतून बटाटा आला, तिथले शेतकरी शतकानुशतके या दोन्ही युक्त्या एकत्र वापरत आले आहेत. रात्रीच्या हिमात बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे, उन्हात वाळवायचे. त्याला ते ‘चुन्यो’ म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. मी हे वहिनींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आपल्याकडे अर्धीच विद्या आली म्हणायची.”

आणि नेमके हेच मला आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. मेहसाण्याची काडी उणे १८ अंशांत राज्य ओलांडून शिरूरच्या दुकानापर्यंत येते. आमच्या दादांच्या मटाराला शेत ते पुणे एवढ्या प्रवासात सावलीसुद्धा मिळत नाही. पौषात सगळ्यांचा मटार एकदम येतो, भाव पडतो, तोडणीची मजुरी सुटत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी दादांनी उभ्या पिकात शेळ्या सोडल्या. ते दृश्य मी पाहिले आहे. ज्या तालुक्यात फ्रीज बनतात तिथून तासाभराच्या अंतरावर. दुकानातल्या त्या गार पेटीत कोणाचा माल बसतो, हा प्रश्न पाकिटावरच्या नावाहून मला आज मोठा वाटतो. दुकानदारावर माझा राग नाही. त्याने पेटी घेतली, तिचे वीजबिल तो भरतो, जे खपते ते भरतो. मी त्याला भेटलो. तो म्हणाला, “काका, तुमच्या वहिनींनी गोठवून काही दिलं तर मी ठेवीन की.”

गेल्या हिवाळ्यात वहिनींनी ते करून पाहिले. जुना, वापरलेला डीप फ्रीजर पुतण्याने आणला. मटार सोलायला शेजारच्या चार बायका आल्या. उकळत्या पाण्यातून दोन मिनिटे काढायचा, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडा करून पातळ थरात गोठवायचा आणि सुटा झाल्यावर पिशवीत भरायचा. पहिली तीस किलो चांगली झाली. शिरूरच्या दुकानात ती दोन आठवड्यांत संपली, आणि दादांना त्या मटाराचा बाजारापेक्षा बरा भाव पडला. मग माघात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. अडीच दिवस लाइट नव्हती. आत चाळीस किलो माल होता. वहिनींनी सारखे झाकण उघडून पाहिले, तेही चुकलेच. निम्मा माल शेजाऱ्यांत वाटला, निम्मा गुरांना घातला.

या उन्हाळ्यात गच्चीवर कीस पुन्हा वाळतो आहे, निम्म्या मापाने. फ्रीजर कोपऱ्यात बंद आहे. त्यावर सध्या साबुदाण्याच्या चकल्यांचे डबे ठेवले आहेत. दादा म्हणतात विकून टाक. वहिनी विकत नाहीत.

मी इथे येणार असे कळल्यावर त्यांनी मला विचारले, “शिरूरला भाषणाला रांजणगावचे विंजिनेर असतील का?” मी म्हणालो, असतील. आहेतही, मघाशी हात वर करायला सांगितले तेव्हा नऊ-दहा हात मी मोजले. वहिनींनी पुतणीकडून एक चिठ्ठी लिहून घेतली आहे. ती माझ्या खिशात आहे, तशीच वाचतो.

“एक, लाइट गेल्यावर झाकण न उघडता फ्रीजर भरलेला असेल तर माल किती तास टिकतो, आणि अर्धा रिकामा असेल तर किती. दोन, गच्चीवर ऊन आहे, त्या उन्हाच्या विजेवर हा डबा रात्रीचा चालेल का, आणि खर्च काय येईल. तीन, आमच्या वाडीत मटार करणारी अकरा घरे आहेत. अकरा घरांत मिळून एक खोली गार करायची म्हटली तर ती केवढी लागेल.”

सभा संपल्यावर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहीन. ज्यांना यातल्या एकाचे जरी उत्तर येत असेल त्यांनी भेटावे. पुतण्या वही घेऊन आला आहे.